भाकरीवरचा नेम

बंदुकीच्या दुकानात माणसाच्या उंचीचा आरसा कशाला लागतो, हे मला आत शिरल्या शिरल्या कळलं नाही. कपड्याच्या दुकानात आरसा असतो, चपलांच्या दुकानात खाली टेकवलेला छोटा असतो. पण इथे लोखंडी जाळीच्या आत, काडतुसांच्या कपाटाशेजारी, वरून दोन दिवे सोडलेला अख्खा आरसा. मग एक गिऱ्हाईक आलं. कडक पांढरे कपडे, गळ्यात साखळी, सोबत तिघंजण. त्यानं कपाटातली एक रायफल मागून घेतली, खांद्याला लावली आणि आरशासमोर उभं राहून स्वतःवरच नेम धरला. सोबतच्यानं फोटो काढला. मग डावीकडून एक, उजवीकडून एक, मान तिरकी करून एक. एवढं सगळं झाल्यावर त्यानं एकच प्रश्न विचारला.

"आवाज कसाय हिचा?"

"भाऊ, चार गाँव सुनेंगे," दुकानदार म्हणाला.

झालं, सौदा पटला. गोळी कुठे जाते हे ना यानं विचारलं ना त्यानं सांगितलं. मी बाकावर बसून हे बघत होते. ज्या वस्तूनं जीव जातो ती वस्तू माणसं लग्नातल्या शेरवानीसारखी अंगाला लावून बघतात, हे मी तोवर पाहिलेलं नव्हतं.

मीही रायफल घ्यायलाच आले होते. मी म्हणजे पन्नाशीला टेकलेली, शहरातल्या मुकुंदवाडीत राहणारी, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारी बाई. सोबत माझा थोरला भाऊ, दादा. दुकानदारानं पाणी दादाला दिलं, चहा दादाला विचारला, रायफली दादाच्या हातात दिल्या. परवाना माझ्या नावावर आहे हे त्याला दोनदा सांगून झालं होतं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर तो माझ्याकडे वळून गोड हसला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही कलर सांगा ना. लाकडात दोन शेड आहेत."

परवाना माझ्याकडे आला त्याची गोष्ट साधी आहे. देवगाव रंगारीला आमची शेती. आबांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, पीक राखायला म्हणून बारा बोअरची बंदूक होती. वय झालं तशी ती घरातल्या कुणाच्या तरी नावावर करायची वेळ आली. दादाच्या नावावर होईना, कारण कुठल्याशा आंदोलनात बसवर दगड पडले तेव्हा तो पुढे होता आणि ती केस अजून त्याच्या मागे आहे. राहिले मी. कॉलेजात असताना एनसीसीत होते, छावणीतल्या मैदानावर पॉइंट टूटू रायफल चालवलेली होती, नेमबाजीत पेलाही मिळालेला होता. तो पेला आईनं बरीच वर्षं पळीपंचपात्राशेजारी ठेवला होता. परवाना माझ्या नावावर झाला त्या दिवशी दादानं गावात पेढे वाटले, ते घरात बंदूक राहिली म्हणून.

खरी अडचण बंदुकीची नव्हती, आबांची होती. आबा पंच्याहत्तरीत आहेत आणि मक्याच्या हंगामात अजून मचाणावर झोपतात. गुडघे गेलेत, शिडी चढताना प्रत्येक पायरीवर थांबतात, तरी संध्याकाळ झाली की गोधडी काखेत आणि बारा बोअर खांद्यावर. गेल्या वर्षी पहाटे उतरताना पायरी चुकली. खाली पिलांसकट डुकरीण होती. तिनं मचाणाच्या खांबाला अशी धडक दिली की आबा वरच्या वर लोंबकळत राहिले. नशीब म्हणायचं, ती पिलांसाठी मागे फिरली. तेव्हापासून आईचा डोळा लागत नाही. मक्यातून बार ऐकू आला की ती कूस बदलते. माणूस अजून आहे हे तिला त्या आवाजावरून कळतं. गड्यांपैकी कुणी राखणीला टिकत नाही, दादाला सभा-लग्नं-मयतीतून सवड नाही, म्हणून आबाच.

आणि आबा बार टाकतात तो हवेत. जनावरावर नाही. त्याचं कारण माझ्या लग्नाआधीचं आहे. त्या वर्षी त्यांनी एका डुकरावर छऱ्यांचा बार टाकला. अंतर फार होतं. डुक्कर पडलं नाही, जबडा तेवढा गेला. ते ओढ्याच्या झुडपात जाऊन बसलं. त्याला खाता येईना, पाणी पिता येईना, मरताही येईना. आबा रोज बंदूक घेऊन शोधायला जायचे आणि ते जागा बदलायचं. शेवटी सापडलं ते वासावरून. जखमेत किडे वळवळत होते, डोळे उघडे होते आणि ते आबांकडे बघत होतं. आबांनी ते संपवलं, घरी आले, विहिरीवर बसून अंगावर पाणी ओतत राहिले आणि तो वास जात नाही म्हणून परत परत ओतत राहिले. त्यानंतर त्यांनी जनावरावर बंदूक धरली नाही. डुकरांनी ते एका हंगामात ओळखलं. आता बार झाला तरी कणीस तोंडात धरून ती जरा वेळ थांबतात आणि पुन्हा खायला लागतात.

वनखात्याकडून डुकरं मारायची परवानगी आम्ही रीतसर काढली, तेव्हा आबांनी मला समोर बसवलं.

"चांगली रायफल आन," ते म्हणाले. "शंबर पावलांवर भाकर लाव. भाकरीत तीन गोळ्या पडू दे. मंग मी खाली उतरतो."

"आन् नाय पडल्या तर?" आईनं विचारलं.

"तर नाय."

एवढीच अट. भाकरी कशाला, तर डुकराचं काळीज तेवढंच असतं, असं आबांचं म्हणणं. त्याच्या बाहेर गोळी गेली की जनावर मरत नाही, सडतं.

म्हणून मी त्या आरशाच्या दुकानात बसले होते. मला स्वस्त आणि सरळ मारणारी रायफल हवी होती. दुर्बीण लावलेली एक परदेशी तिथे होती, तिच्या किमतीत ट्रॅक्टर आला असता. तिच्याकडे मी मान वळवली नाही. ३१५ बोअरच्या जुन्या दोन होत्या, दोन्ही बोल्टच्या, म्हणजे दर गोळीमागे हातानं खटका मागे ओढून पुढे ढकलायचा. एक चकचकीत होती. नळीला निकेल, दस्त्यावर कोरलेला सिंह, पट्ट्याला पितळी फुलं. दादानं ती उचलली आणि आरशाकडे निघाला.

"हीच घेऊ," तिथूनच तो म्हणाला.

मी ती त्याच्या हातातून घेतली, बोल्ट काढला आणि नळीतून रस्त्यावरच्या उजेडाकडे बघितलं. आतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, तोंडापाशी पार पुसट झाले होते. खोटं काडतूस मागून घेतलं, त्याचं टोक नळीच्या तोंडात धरलं, तर ते पार मानेपर्यंत आत गेलं. तोंड इतकं झिजल्यावर गोळी कुठेही जाईल.

"हिनं डुक्कर नाही, डुकराच्या बाजूचं झाड मरेल," मी म्हणाले.

"मॅडम, एवढं कोण बघतं," दुकानदार म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता, हेच किळसवाणं होतं.

दुसरी कोपऱ्यात होती. लाकडावर ओरखडे, नळीचा काळा रंग जागोजागी गेलेला, पट्ट्याच्या जागी सुतळी. कुणीतरी म्हातारा वारला, मुलांनी दुकानात आणून टाकली, दिसायला दरिद्री म्हणून कुणी घेईना. नळी आतून मात्र स्वच्छ होती, आटे शेवटपर्यंत धारदार. काडतुसाचं टोक तोंडाशीच अडलं. लाकूड आणि नळी यांच्या मधून दहाची नोट सरकवून बघितली, दोन्ही बाजूंनी सारखी सरकली, म्हणजे नळी लाकडाला कुठे घासत नव्हती. मग नळीवर एक नाणं ठेवलं आणि चाप ओढला. चाप साखरेचा खडा मोडावा तसा कट्कन सुटला आणि नाणं जागेवरून हललं नाही.

"काय करायलीस तू?" दादा दबक्या आवाजात म्हणाला. "लोकं बघायलेत."

"बघू दे. शिकतील."

"आगं पण ही काठी हाय काठी! गावात काय सांगू मी? बहिणीनं काठी आनली?"

मी काठीच घेतली. दुकानदारानं ती वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. चकचकीत रायफली तो मखमली कव्हरात द्यायचा. परतीच्या वाटेवर दादा गाडीतल्या गाण्याचा आवाज तेवढा वाढवत राहिला.

पहिली चाचणी भाद्रपदात घेतली. ठाण्यात कळवलं, आमच्याच शेतातली ओढ्याची उंच दरड बघितली, तिच्यापुढे फळी रोवली. आबांनी स्वतः पावलं मोजली. भाकरी द्यायला आईनं नाक मुरडलं. "अन्नाला गोळ्या घालायल्या तुम्ही, बापलेक," ती म्हणाली आणि तव्यावर करपलेली एक शोधून दिली. ती मधोमध खिळ्यानं ठोकली. मी वाळूच्या पोत्यावर रायफल टेकवली, श्वास अर्धा सोडला, आणि थांबत थांबत तीन गोळ्या झाडल्या.

दादा धावत पुढे गेला आणि तिथूनच ओरडला, "भाकर शाबूत हाय! वा रे काठी!"

आबा त्यांच्या चालीनं गेले. गोळ्या फळीवर भाकरीच्या डावीकडे वीतभर लागल्या होत्या, तिन्ही एकमेकींना खेटून. आबांनी आपला तळहात त्या भोकांवर ठेवला. तिन्ही झाकली गेली. हात तसाच ठेवून ते माझ्याकडे वळले आणि हसले. आबा हसले की खालचे दोन दात दिसतात, ते मी खूप दिवसांनी पाहिले.

"एका जागी पडायल्यात," ते म्हणाले. "जागा चुकली. जागा बदलता येती."

मी त्यांना जाऊन मिठी मारायची तेवढी बाकी ठेवली. नेमबाजीतलं जे मला कॉलेजात महिनाभर घोटून कळलं होतं, ते त्यांना एका तळहातात कळलं. गोळ्या विखरून पडल्या असत्या तर रायफल टाकून द्यावी लागली असती. एका जागी पडतात म्हणजे रायफल चांगली आहे, फक्त नेमाचा दाणा चुकीच्या जागी बसलाय. नळीच्या टोकाला जो बारीक उभा दाणा असतो तो खोबणीतून डावी-उजवीकडे सरकतो. गोळ्या डावीकडे जात असतील तर दाणाही डावीकडेच सरकवायचा. मी पितळी कांडी लावून हातोडीनं हळूहळू ठोकला. मोहरीएवढाच सरकला, पण आता तो मधोमध राहिला नाही. जिथून हटला तिथं लोखंडाची चकचकीत पट्टी उघडी पडली, त्यामुळे त्याचं वाकडेपण जास्तच डोळ्यात भरायचं.

पुढच्या तीन गोळ्या भाकरीत पडल्या. करपलेल्या भाकरीचे तुकडे उडाले. आई बांधावरून बघत होती, तिनं पदर तोंडाला लावला.

"आता उतराल ना?" मी विचारलं.

"आज नळी तापल्याली हाय, तुव्हा हात बी बसल्याला हाय," आबा म्हणाले. "डुक्कर काय तीन गोळ्या झाडू देऊन मंग चौथीला उभं ऱ्हातंय? दसरा होऊ दे. रायफल घरी घेऊन जा, परत आन, गार नळीवर पैली गोळी भाकरीत पडू दे. मंग उतरतो."

मला राग आला नाही. बरोबरच होतं त्यांचं. दादा मात्र वैतागला, कारण त्यानं एव्हाना दोन-चार जणांना फोन करून बोलावलेलं होतं.

खंडेनवमीला मी रायफल घेऊन गावी गेले. आमच्याकडे नवमीला शस्त्रं म्हणजे सगळंच पुजतात. विळे, खुरपी, कुऱ्हाड, फवाऱ्याचा पंप, ट्रॅक्टरचं पान्याचं खोकं. त्याआधी दोन दिवस घरात ठोकाठोकी चालते. विळ्याची सैल मूठ बसवायची, कुऱ्हाडीचा दांडा पाचर मारून घट्ट करायचा, खुरप्याचं वाकलेलं पातं सरळ करायचं. मोडकं-वाकडं देवापुढे मांडायचं नाही, ही आजोबांच्या आधीपासूनची रीत. आईनं रायफलही मांडायला मागितली. मी बोल्ट काढून माझ्या पर्समध्ये टाकला, पर्स काखेत अडकवली आणि बोल्टाशिवायची रायफल पाटावर ठेवली. आता हिनं कुणाला काही होणार नाही, अशा समाधानात मी आईला पुरणाला मदत करायला आत गेले.

बाहेर दादाची मंडळी जमली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला दिसत होतं. एकेक जण रायफल उचलायचा, झेंडूची माळ गळ्यात आणि रायफल छातीवर आडवी धरून उभा राहायचा, फोटो झाला की पुढच्याच्या हातात द्यायचा. नळीच्या तोंडात एकानं झेंडूचं फूल खोचलं. मी ओल्या हातानं बाहेर गेले, फूल उपटून फेकलं आणि नळीत काही घालाल तर हात मोडीन असं सांगितलं. सगळे हसले. "ताई गरम हायेत," कुणीतरी म्हणालं. मला त्या हसण्याची, त्या अत्तराची, त्या पांढऱ्या कपड्यांची इतकी किळस आली की मी परत आत जाऊन खिडकी लावून घेतली. तिकडे बघायचंच नाही असं ठरवलं आणि पुरण वाटत बसले. पूजा झाली. हळदी-कुंकवाची बोटं रायफलीवर टोकापासून दस्त्यापर्यंत उमटली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणी. दादानं ओढ्याकाठी प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, चहाचा थर्मास होता, एकजण मोबाईल काठीला लावून तयार होता. मला वाटलं आपण शेतात नाही, कुणाच्या तरी सत्कारात आहोत. तरी त्या दिवशी मला फक्त आबा दिसत होते. ते दरडीपासून लांब, बाभळीखाली उकिडवे बसले होते. आईनं या वेळी भाकरी करपलेली दिली नव्हती. चांगली, फुगलेली, दोन्हीकडून भाजलेली ज्वारीची भाकरी तिनं स्वतः आणून माझ्या हातात ठेवली.

मी नळीतून चिंधी फिरवली, आत काही नाही याची खात्री केली, बोल्ट बसवला. पोत्यावर आडवी झाले. नेम धरला. दाणा मागच्या खाचेत व्यवस्थित दिसत होता. तो टोकाला कुठे बसलाय हे नेम धरणाऱ्या डोळ्याला कळत नाही, तो कुठेही असला तरी खाचेत आणूनच बघावा लागतो. गोळी सुटली. भाकरी हलली नाही. दुसरी सुटली. तिसरी सुटली. भाकरी तशीच, पांढरीशुभ्र.

"बाईचा हात शेवटी," खुर्च्यांमधून आवाज आला. दुसरा म्हणाला, "आवाज बाकी झ्याक हाय."

माझे कान पेटले होते. आबा उठून फळीपर्यंत गेले. त्यांनी डावीकडे हात ठेवला. तिन्ही भोकं पुन्हा तळहाताखाली, पुन्हा वीतभर बाजूला, अगदी पहिल्या दिवसासारखी. ते परत आले, माझ्या हातातली रायफल घेतली आणि तिचं टोक डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. दाण्यावर कुंकू लागलेलं होतं. अंगठ्यानं त्यांनी ते पुसलं. दाणा मधोमध बसला होता.

"ह्यो कुनी हलिवला?" त्यांनी विचारलं.

"मीच की," दादा खुर्चीतूनच म्हणाला. चेहऱ्यावर अभिमान होता. "फोटोत लई वाकडा दिसायला होता. नवमीला देवापुढं वाकडं कसं ठेवायचं? विळ्याच्या मुठी ठोकल्याली हातोडी तितंच व्हती, तिनंच ह्योबी ठोकून सरळ केला. बरुबर मधी आनला, बघा ना."

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. तुला गोळी जाते कुठं याची फिकीर नाही, तुला सगळं फोटोत नीट दिसलं पाहिजे, तुझी लाज वाटते मला, असं काहीतरी. तो खरोखर गोंधळला होता. त्यानं आजोबांची रीत पाळली होती, सगळ्यांसमोर पाळली होती, आणि बहीण त्यालाच खायला उठली होती. "आगं वाकडं ते वाकडंच की," तो म्हणत राहिला. पाहुण्यांपैकी एकानं मान डोलावून त्याला दुजोरा दिला.

मी पितळी कांडी काढली. मग दाणा परत मोहरीभर डावीकडे घेतला, नळी गार होऊ दिली. कुणाला चहा संपेपर्यंतही धीर नव्हता, निम्मे लोक कंटाळून गेले. मग मी पुन्हा आडवी झाले आणि पहिली गोळी झाडली. भाकरीच्या मधोमध भोक पडलं. दुसरी त्याच्या शेजारी. तिसऱ्या गोळीनं दोन्ही भोकं एक झाली आणि भाकरी फळीवरून निसटून खाली पडली.

टाळ्या पडल्या. मोबाईलवाला म्हणाला, "परत एकदा, परत एकदा, नीट आलं नाय." दादानं दोन्ही हात वर केले, जणू त्यानंच गोळ्या झाडल्या होत्या. आई बांधावरून उतरून आली. ती माझ्याकडे आली नाही, सरळ आबांकडे गेली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"झालं ना आता," ती म्हणाली.

आबांनी माझ्या हातातल्या रायफलीवर हात ठेवला.

"रायफल खरी हाय," ते म्हणाले. "तुव्हा हात बी खरा हाय, बाई. सोमवारी तू कुटं आसतीस?"

"कॉलेजात."

"मंगळवारी डुक्कर आलं तं गोळी कोन घालनार?"

हा प्रश्न इतका समोर होता आणि एवढे महिने आम्ही कुणी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. मी नळ्या तपासत होते, नाणी ठेवत होते, दाणे सरकवत होते.

"मी रजा काढीन," मी म्हणाले.

"मका दर वरसाला येतो."

मग त्यांनी दादाकडे बोट केलं.

"ह्यो घालनार गोळी. परवाना आसो नायतर नसो, तुव्ही पाठ फिरली की ह्योच घालनार. आन् ह्याला दाना सरळ दिसाया पायजे. गोळी कुटं जायची ती जावो." ते थांबले. "पुन्यांदा त्यो वास मला नको. तू रायफल तुह्याकडंच ठिव. मी हाय तवर बार हवेतच जाईल."

"आबा, चारचौघांत तुमी..." दादाचा चेहरा पडला होता.

"चारचौघांतच ठोकला ना तू दाना?"

एवढं बोलून ते बाभळीखाली ठेवलेली काठी घेऊन घराकडे चालू लागले. खुर्च्या गोळा झाल्या. मोबाईलवाल्यानं तोवर भाकरी फुटतानाचा व्हिडिओ सगळ्यांना पाठवून दिला होता, आणि जाताना प्रत्येकाच्या खिशातून तो बार पुन्हा पुन्हा ऐकू येत होता. दादा त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. आजही त्या आवाजाची रिंगटोन त्याच्या फोनला आहे आणि तो फोन वाजला की मी खोलीतून उठून जाते.

मी घरी पोचले तेव्हा कळलं की पहाटे आबा खाली उतरल्यावर आईनं मचाणावर चढून त्यांचं सगळं खाली आणलं होतं. तिचेही गुडघे धड नाहीत. कशी चढली असेल तीच जाणे. कंदील, पाण्याचा तांब्या, उशीचं पोतं आणि गोधडी. तांब्या घासून फळीवर पालथा घातलेला होता. गोधडी तिनं धुऊन दोरीवर टाकली होती, आता पुढच्या हंगामापर्यंत लागायची नाही म्हणून पार साबण लावून धुतली होती.

संध्याकाळी आबांनी बारा बोअर खांद्यावर अडकवली आणि अंगणात येऊन उभे राहिले. आईनं तांब्या भरून दिला, कंदील दिला. मग दोरीवरची गोधडी काढली आणि दोन्ही हातांनी दाबून बघितली.

"ओली हाय अजून," ती म्हणाली.

"वाळंल वर," आबा म्हणाले. त्यांनी गोधडी काखेत घेतली आणि मक्याकडे निघाले. आई दोरीपाशीच उभी राहिली.